पपईचा खार

आमच्या घरात एक वेळ मीठ संपायचं, पण लिंबू संपायचं नाही. शारजात अल नहदाच्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्या घरातल्या फ्रिजचा खालचा कप्पा बाबांच्या लिंबांसाठी राखून ठेवलेला असायचा. बाबा पुण्याचे. पोह्यांवर लिंबू, वरणभातावर लिंबू, उसळीवर लिंबू, अगदी सुपरमार्केटातून आणलेल्या डब्यातल्या हमुसवरसुद्धा लिंबू. आत्या एकदा महिनाभर राहायला आली होती, तिनं चार दिवस हे पाहिलं आणि विचारलं, "अरे, रात्रीच्या गोळीवर पण पिळून देऊ का?" बाबांवर काही परिणाम झाला नाही. ताटात वरच्या बाजूला, मिठाशेजारी लिंबाची फोड नसेल तर ते रागवायचे नाहीत, नुसते ताटाकडे बघत बसायचे. मग आई उठायची. "तुमच्या घरात देवाला नैवेद्य नसला तरी चालेल," असं म्हणत फोड आणून ठेवायची, आणि बाबा जेवायला सुरुवात करायचे. तेच मीही उचललं. भाजी बिघडली, आमटी अळणी झाली, काही जमलं नाही तर लिंबू पिळायचं, म्हणजे झालं, एवढं पाकशास्त्र मला वयाच्या दहाव्या वर्षी येत होतं.

आई आसामची. जोरहाटपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावातली. बाबा नोकरीच्या सुरुवातीला तिकडच्या तेलविहिरींवर कामाला होते आणि ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्यांची ती भाची. लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे लोक रुसले आणि नातवंड झाल्यावर दोन्हीकडचे यथावकाश विसरले. मी दोन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो. तिचं मराठी उत्तम होतं, फक्त 'च' तिला जमायचा नाही, चमच्याला ती समसा म्हणायची. मी तिला आई म्हणायचे. तिच्याकडेही जुनी माणसं आईला आईच म्हणतात, याचा तिला फार आनंद होता. एवढा एक शब्द तिला नव्यानं शिकावा लागला नाही, असं ती म्हणायची. ती मला माइना म्हणायची, आणि ते माझ्या मैत्रिणींसमोर म्हटलं की मला लाज वाटायची.

स्वयंपाक ती मराठी करायची. पुरणपोळी आत्यापेक्षा सरस, हे आत्याही मान्य करायची, अर्थात आई समोर नसताना. तिचं स्वतःचं जेवण मात्र ती दुपारी एकटी जेवायची. शाळेची बस मला अडीचला सोडायची. लिफ्टमधून वर यावं, दार उघडावं, तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, पुढ्यात भात, उकडलेला बटाटा कुस्करून त्यात कच्चं राईचं तेल, कांदा, हिरवी मिरची. त्याला ती पिटिका म्हणायची. राईच्या तेलाची बाटली कपडे धुण्याच्या पावडरीमागे ठेवलेली असायची. मी नाक दाबून "आई, इट स्मेल्स!" म्हणायचे आणि माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचे. ती हसायची, खिडकी उघडायची, बाहेरची भट्टीसारखी हवा आत यायची, आणि ती भराभर उरलेला भात संपवायची. आज मला वाटतं, मी चार मिनिटं तिच्याजवळ बसले असते तर काय बिघडलं असतं? पण तेव्हा मी इंग्रजी शाळेतली शहाणी मुलगी होते.

कधीकधी, बाबा ऑफिसच्या टूरवर असले की, ती मला अंथरुणात तिच्याकडच्या जेवणाच्या गोष्टी सांगायची. तांदळाच्या पिठात तीळगूळ भरून केलेल्या पिठा, बांबूच्या कोंबाचं आंबवलेलं लोणचं, कोहळा घालून केलेलं बदक. आणि खार. खार म्हणजे आपल्या लोणच्याचा खार नव्हे. तिकडे एका जातीच्या मोठ्या केळ्याच्या साली उन्हात कडकडीत वाळवतात, जाळतात, त्या राखेतून पाणी झिरपवतात. चहासारखं तांबूस पाणी येतं. ते घालून कच्च्या पपईची, नाहीतर डाळीची, एक मऊसर गिळगिळीत भाजी करतात, वरून कच्चं राईचं तेल. "आमचं जेवण खारानं सुरू होतं," ती सांगायची. "खार पोट उघडतो. शेवटी टेंगा, आंबट माशाचं कालवण. मग पोट मिटतं." मी अर्धवट झोपेत हूं हूं करायचे. तुमच्या ताटात सगळं एकदमच कसं वाढतात, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

मी तिसरीत असताना तिनं ते खाराचं पाणी घरी करायचं ठरवलं. केळी तिकडची नव्हती, फिलिपिन्सची होती, पण साल ती साल. आठ-दहा दिवस आमच्या बाल्कनीत, बाबांच्या शर्टांशेजारी, वाळत घालायच्या स्टँडवर केळ्याच्या साली लटकत होत्या. समोरच्या बाल्कनीतली लेबनीज बाई रोज बघायची. मग एका सकाळी आईनं बाल्कनीतच लोखंडी कढईत त्या साली पेटवल्या. साली वाळलेल्या होत्या, तरी धूर झालाच. पाच मिनिटांत दारावर थापा. नातूर आला होता. इकडे इमारतीच्या वॉचमनला नातूर म्हणतात आणि महापालिकेला बलदिया. "मॅडम, क्या जल रहा है? पूरा बिल्डिंग में स्मोक है! बलदिया आएगा, फाइन लगेगा!" आईनं कढईवर बादलीभर पाणी ओतलं. बाल्कनीतून काळं पाणी आठव्या मजल्यावरच्यांच्या चादरींवर गेलं. संध्याकाळी बाबा त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आले. घरात आले, बूट काढले, आणि न ओरडता म्हणाले, "निरू, खलास. यापुढे हे नाही. साबणाचं पाणी खाण्यासाठी एवढा उपद्व्याप?"

साबणाचं पाणी. खाराच्या पाण्यानं तिकडे पूर्वी कपडे धुवायचे, केस धुवायचे, हे आईनंच कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं, तेच बाबांनी तिच्यावर उलटवलं. बाबा वाईट नव्हते. दमलेले होते आणि खालच्यांसमोर मान खाली घालून आले होते. आईनं कढई घासून ठेवली. ती कढई मग पुढे शेंगदाणे भाजायला वापरली जायची. खाराचं नाव आमच्या घरात कुणी काढलं नाही. फक्त बाबांनी एकदोनदा विषय काढल्यासारखं केलं, "ते तुझं खार की काय..." आई म्हणाली, "जाऊ द्या हो," आणि त्यांच्या वरणभातावर लिंबू पिळलं.

हल्ली मला लोक विचारतात, इकडे चांगलं आसामी जेवण कुठं मिळतं? मी दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते, माझा लेक इथंच मोठा झाला, मी अर्धी आसामी आहे हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मला माहीत असणारच अशी त्यांची समजूत. आता फोनवरून मागवताही येतं. पण मला हा प्रश्न कुणी विचारला की बाबांनी एकदा केलेली हॉटेलांची यादी डोळ्यांपुढे येते आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

मी अकरावीत गेले आणि आई आजारी पडली. आजाराचं नाव मी इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळतंच. केमो सुरू झाल्यावर तिच्या तोंडाची चव गेली. पाण्यालाही लोखंडाची चव येते म्हणायची. मी खिचडी करायचे, बाबा सूप आणायचे, शेजारच्या केरळी काकू पेज पाठवायच्या. दोन चमचे झाले की ती वाटी बाजूला सारायची आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून "नंतर खाते" म्हणायची. हाताला हाड लागायला लागलं. डॉक्टर म्हणाले, जे मागतील ते द्या, काहीही, पण पोटात जाऊ द्या. बाबा रोज ऑफिसातून आले की पलंगाशेजारी खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, "काय खावंसं वाटतं, निरू? सांग ना." ती रोज "काही नाही" म्हणायची. एक दिवस डोळे मिटूनच म्हणाली, "पपईचा खार." मग डोळे उघडून घाईघाईनं, "नाही, असंच. आठवला म्हणून."

बाबा उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले तर कठड्याला धरून उभे होते आणि खालच्या हायवेवरच्या गाड्या बघत होते. मला म्हणाले, "बाई, मी तिला साबणाचं पाणी म्हणालो होतो ना?" मला तेव्हा खोटं बोलणं सुचलं नाही. मी हो म्हणाले.

बाबा ऑफिसचे माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट केली. हॉटेलचं नाव, एरिया, फोन, रिमार्क. रोज संध्याकाळी ते त्यातल्या एकदोन ठिकाणी जायचे आणि येऊन रिमार्क भरायचे. मी ती शीट पाहिली आहे. 'बंगाली. मासे चांगले. खार माहीत नाही.' 'ईशान्येचं म्हणून बोर्ड आहे. फक्त मोमो.' 'बांगलादेशी. कुक सिल्हेटचा. म्हणाला, आजी करायची, मला येत नाही.' एका ठिकाणी वेटरला त्यांनी खार कसा असतो ते समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, वो तो सोडा है। सोडा डाल के दे दूँ?" बाबांनी तेही घरी आणलं. आईनं वास घेतला आणि बाबांच्या गालाला हात लावला, पण खाल्लं नाही. तिच्या भावाला गावी फोन केला. तो म्हणाला, बाटली पाठवतो, पण पोचायला दोन-तीन आठवडे तरी. एवढे आठवडे आहेत की नाहीत, हे आम्ही कुणी मोठ्यानं बोललो नाही.

शेवटी पत्ता मिळाला तो हॉस्पिटलात. तिथली एक केरळी सिस्टर आईच्या हाताची सुई बदलताना बाबांचं फोनवरचं बोलणं ऐकत होती. म्हणाली, माझ्या जुन्या रूममेटला विचारा, ती आसामची आहे, अबू धाबीला असते. तिच्याकडे तुमचे सगळे लोक जेवायला जातात. बाबांनी कॉरिडॉरमध्ये उभं राहूनच फोन लावला. तिचं नाव रुणुमी. सगळे तिला बाइदेउ म्हणायचे, बाइदेउ म्हणजे ताई. "दादा, हमारा होटल नहीं है, घर है," ती म्हणाली. "जुम्मे को सब आते हैं। मिसेस को ले के आइए।" बाबा म्हणाले, "वो चल नहीं सकती." ती लगेच म्हणाली, "तो आप आइए। मैं बाँध के देगी।"

शुक्रवारी सकाळी बाबा सातलाच निघाले. शारजाहून अबू धाबीतली मोहम्मद बिन झायद सिटी, जायला दोन तास, यायला दोन. दीडच्या सुमाराला परत आले ते दोन स्टीलचे डबे छातीशी धरून. मला कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा उजळलेला दिसला. "हा खार. हा टेंगा. पहिल्यांदा खार, मग टेंगा, असं बाईंनी तीनतीनदा सांगितलंय. तू गरम कर, मी फार्मसीतून औषध घेऊन येतो. आणि हे बघ, आधी तिला उठवून बसव, नीट वाढ." आणि किल्ल्या तशाच हातात घेऊन ते पुन्हा लिफ्टकडे पळाले.

मी खाराचा डबा कढईत रिकामा केला. मंद गॅसवर ठेवला. हिरवट, मऊ, पपईच्या फोडी जवळजवळ विरघळलेल्या. एक चमचा चाखून पाहिला. बेचव होता. गिळगिळीत, तोंडात साबणासारखा मागे राहणारा. मला वाटलं, दोन तासांच्या प्रवासात बिघडला. एवढं बाबांनी धावपळ करून आणलं, आई आशेनं वाट बघतेय, आणि हे असं पुढं ठेवायचं? स्वयंपाकघरात मी एकटीच होते. मी फ्रिजचा खालचा कप्पा उघडला. दोन चांगली, पातळ सालीची लिंबं काढली, कापली आणि बिया अडवत सगळ्या कढईभर पिळली. कडेला बारीक फेस आला, मला वाटलं उकळी फुटली. पुन्हा चाखलं. आता चव आली होती. आमच्या घरची चव. मी खूश झाले.

आईला उशांना टेकवून बसवलं. मऊ भातावर खार घातला, आणि तिच्या गोष्टींतून तेवढं आठवत होतं म्हणून वरून राईचं तेल सोडलं, पावडरीमागची बाटली काढून. तिनं वास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. मी चमचा पुढे केला, ती नको म्हणाली, हातानं खाते. लहानसा घास केला, तोंडात घातला. आणि थांबली. घास तोंडात तसाच, नजर माझ्याकडे. मला वाटलं, उलटी होतेय, मी भांडं घ्यायला वाकले.

"लिंबू पिळलंस, माइना?"

"हो. बेचव लागत होतं म्हणून. दोन पिळली."

तिनं घास गिळला. "आण," म्हणाली, "इकडे जवळ धर ताटली." आणि ती जेवली. दहा-बारा घास. एवढं ती त्या महिन्यात एका वेळी जेवली नव्हती. मध्येमध्ये थांबायची, दम घ्यायची, पुन्हा हात घालायची. ताटली पुसून खाल्ली. "भाल लागिसे," म्हणाली. छान लागलं. मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून, "फार छान झालंय हं." टेंगा तिला गेला नाही. बाबा आले तेव्हा मी दारातच सांगितलं, "सगळं खाल्लं! ऑल ऑफ इट!" बाबा बूट न काढता आत गेले. आत दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते, आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत गाणं गुणगुणत होते. मी गुणगुणत होते, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं.

पुढच्या शुक्रवारचं बाबांनी बाइदेउंना लगेच सांगून ठेवलं. बुधवारी पहाटे आई गेली.

त्या दिवसांबद्दल मला फार काही लिहिता येणार नाही. घर माणसांनी भरलं होतं आणि लिंबं कुणी आणली नव्हती. मी एका गोष्टीला धरून होते. पुण्याहून आत्याचा फोन, आसामहून मामाचा फोन, शाळेतल्या बाई, शेजारच्या काकू, प्रत्येकाला मी तेच सांगत होते: शेवटी तिनं माझ्या हातचा खार खाल्ला, पोटभर खाल्ला, तिला हवा होता आणि तो मिळाला. तेवढं म्हटलं की मला श्वास घेता यायचा. वर्षानुवर्षं नाक दाबून दार लावून घेतलं होतं, त्याची त्या एका ताटलीनं भरपाई झाली, असा हिशेब मी मनाशी करून टाकला होता.

महिनाभरानं बाबा म्हणाले, "त्या बाईंचे डबे राहिलेत." आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत. आई असती तर तिनं बेसनाचे लाडू भरले असते. बाबा डबे हातात घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले. "दुःखाच्या घरून गोड कसं पाठवायचं?" म्हणाले, आणि मग दोन्ही डब्यांत तांदूळ भरले.

बाइदेउंचं घर म्हणजे एका व्हिलाचा मागचा भाग होता, बाहेर चपलांचा ढीग. आत हॉलमध्ये प्लास्टिकच्या चटया अंथरून पंधराएक माणसं बसली होती. मुसाफाच्या गोदामांतले कामगार, दोन नर्सेस, एक लहान बाळ घेतलेलं जोडपं. बाइदेउ ठेंगणी, पन्नाशीची, पदर खोचलेली. तिनं डबे घेतले, उघडून तांदूळ पाहिले आणि मला पोटाशी धरलं. तिच्या अंगाला राईच्या तेलाचा वास येत होता. मी तिथं पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

मग तिनं आम्हाला बसवलं. काशाच्या ताटल्या होत्या, गावाहून एकेक करून आणलेल्या. भात, मधोमध पपईचा खार. बाजूला पिटिका, पालेभाजी, डाळ, आणि डाळीवर पिळायला एक लांबट, वासाचं हिरवं लिंबू, कुणीतरी विमानातून आणलेलं. टेंगा अजून चुलीवरच होता, तो शेवटी. सगळे खाराला हात घालत होते. मीही भात कालवला, आणि सवयीनं, काही मनात नसताना, लिंबाची फोड उचलून खारावर धरली.

बाइदेउनं माझं मनगट पकडलं.

"एइ, नहय नहय! खार में नींबू नहीं, बेटी। खार मर जाता है!"

सगळी चटई हसली. चांगलं हसणं होतं ते, आपल्या घरातल्या लहान पोरीला हसावं तसं. समोरचा एक दाढीवाला माणूस म्हणाला, "एक बूँद गिरा, तो फिर खार नहीं रहता।" मी फोड हातात धरून बसले. ॲसिड आणि बेस. त्याच वर्षी शाळेच्या लॅबमध्ये मी ते केलं होतं, एकात दुसरं थेंबथेंब सोडायचं, रंग उडाला की थांबायचं. पूर्ण मार्क होते मला. कढईच्या कडेला आलेला तो फेस मला दिसला, तोंडात घास धरून माझ्याकडे बघणारी आई दिसली. एवढ्या लांबून आणलेला खार मी चुलीवरच मारला होता आणि वर तेल सोडून तिच्या पुढ्यात ठेवला होता. ती जे मागत होती ते तिला मिळालंच नाही. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं.

बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी माझ्या हातातली फोड काढून घेतली. मला वाटलं, बाजूला ठेवताहेत. त्यांनी ती स्वतःच्या ताटलीतल्या खारावर धरली आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. सालसुद्धा दुमडून पिळली.

हसणं थांबलं. बाइदेउ म्हणाली, "दादा, वो..."

"हमारे घर में ऐसे ही खाते हैं," बाबा म्हणाले.

आणि ते जेवायला लागले. ज्या पदार्थाला त्यांनी एकदा साबणाचं पाणी म्हटलं होतं, तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडात घातला, तोही मेलेला. मान वर न करता, एकेक घास नीट चावून, ताटली पुसून त्यांनी तो संपवला. बाइदेउनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला बहुतेक सगळं समजलं, कारण ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग टेंगा घेऊन आली.

परतताना अर्ध्या वाटेवर, पेट्रोल पंपाशी गाडी थांबवली तेव्हा मी विचारलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्याच दुपारी. तिनं सांगितलं. पोरीनं लिंबू पिळलंय म्हणाली."

पंपावरचा माणूस काच पुसत होता. त्याचं होईपर्यंत बाबा थांबले.

"मी तिला म्हटलं, पुढच्या शुक्रवारी मी पोरीला सांगतो, नको पिळूस म्हणून. तर म्हणाली, अजिबात नको. सांगितलंत तर ती परत मला वाढायची नाही."